जानेवारीत साडेसहा सेकंद, एप्रिलमध्ये चारसुद्धा नाही: नायट्रस-एचडीपीई इंजिनाच्या चाचणीत कुठे चुकतंय?

काळीमाती_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वेगविक्रमाच्या रॉकेट गाडीचं छोटं, बिनचालकाचं प्रारूप करतोय आम्ही. त्यासाठी ५०० न्यूटन थ्रस्टचं (जोराचं) हायब्रिड इंजिन आहे, म्हणजे इंधन घन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन देणारा पदार्थ) वेगळ्या टाकीत. ऑक्सिडायझर नायट्रस ऑक्साइड, इंधन एचडीपीई प्लास्टिकची नळी, नोझल ग्राफाइटचं, थ्रोट (नोझलचा सर्वांत अरुंद भाग) १३.५ मिमी. हिशोबातला चेंबर (ज्वलनाची पोकळी) दाब २५ बार. नायट्रस चेंबरमध्ये सोडणाऱ्या इंजेक्टरला १.२ मिमीची ६ भोकं. टाकी २.५ लिटरची, स्वतःच्याच वाफेच्या दाबावर चालणारी, उभी बसवलेली. इंजिन आडवं, सरकत्या चौकटीवर, पुढे १०० किलोचा एस टाइप लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर).

पाण्याची चाचणी व्यवस्थित झाली. इंजेक्टरवर २० बारचा फरक ठेवला तर १० सेकंदांत २.८ किलो पाणी पडतं.

जानेवारीत सकाळी (टाकी १७ अंश) थ्रस्ट ४८० न्यूटनला सुरू झाला, चेंबर २४ बार, सरासरी २२. मुख्य ज्वलन साडेसहा सेकंद. एचडीपीई २२० ग्रॅम जळलं.

एप्रिलमध्ये सकाळी ११ वाजता तेच इंजिन, तीच टाकी. टाकीचा दाब ६८ बार, म्हणजे जानेवारीपेक्षा जास्त. थ्रस्टही ५२० ला सुरू झाला. पण चार सेकंद व्हायच्या आत खाली आला आणि पुढे नुसती फुसफुस. शिवाय थ्रस्टच्या आलेखावर दाते दिसतात आणि चेंबर दाबावर ८५ हर्ट्झच्या आसपासची लहर. दाबाचा सेन्सर १ मीटर लांब नळीवर आहे, लोड सेल एचएक्स७११ या नोंद घेणाऱ्या चिपवर, सेकंदाला ८० नमुने.

टाकी दोन्ही वेळा सारखीच भरली होती. बुडनळीतून (वरून टाकीत ठरावीक खोलीपर्यंत उतरलेल्या नळीतून) द्रव बाहेर यायला लागला की भरणं बंद. मग दाब जास्त असूनही वेळ कमी का? आणि ही लहर ज्वलनाची आहे का? इंजेक्टर बदलायचा का?

---

दाबमापक

इंजेक्टरला आत्ताच हात लावू नका. तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात उत्तर आहे: टाकी सारखीच भरली, पण भरली ती आकारमानाने. वजनाने नाही.

नायट्रसचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर तो द्रव राहूच शकत नाही) ३६.४ अंश आणि दाब साधारण ७२ बार. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा ४० च्या वर जातो, म्हणजे उन्हात ठेवलेल्या टाकीत द्रव नावाची वस्तूच उरत नाही. त्याच्या अलीकडेही हाल कसे होतात ते पाहा. १० अंशाला वाफेचा दाब ४० बार आणि द्रवाची घनता ८५० च्या आसपास (किलो प्रति घनमीटर). २० ला ५१ बार आणि ७८५. ३० ला ६३ बार आणि ६९०. ३५ ला ७० बार आणि जेमतेम ५९०. दाब चढतो तशी घनता घसरते, आणि शेवटच्या पाच अंशांत तर कोसळते. ६८ बार म्हणजे तुमचा नायट्रस ३३-३४ अंशांवर होता.

आता हिशोब मांडू. बुडनळीमुळे टाकीत २.१ लिटर द्रव आणि ०.४ लिटर वाफ धरतो. जानेवारीत एकूण १.७५ किलोच्या आसपास. द्रव संपतो तेव्हा टाकी वाफेने भरलेली असते आणि त्या वाफेतच साधारण ०.३ किलो अडकतो. म्हणजे द्रवरूपात इंजिनाला मिळाला १.४५ किलो. सेकंदाला ०.२२ किलोने साडेसहा सेकंद. तुमच्या आलेखाशी जुळतं.

एप्रिलमध्ये द्रव २.१ लिटर पण घनता ६१५, म्हणून १.३ किलो. वाफ धरून १.४. पण या तापमानाला वाफ स्वतःच जड असते, त्यामुळे द्रव संपताना तिच्यात अर्धा किलो अडकून राहतो. हाती उरला ०.९ किलो. टाकीचा दाब जास्त म्हणून प्रवाह ०.२४, आणि वेळ पावणेचार सेकंद. पुढची फुसफुस म्हणजे नुसत्या वाफेवर चाललेलं इंजिन.

म्हणून भरणं वजनावर करा. टाकी डिजिटल लटकत्या काट्याला टांगा, रिकामं वजन नोंदवा आणि त्यावर १.६ किलो वाढले की थांबा. आकडा बाहेरून, दुरून वाचता आला पाहिजे. तापमान १८ ते २२ अंशांत ठेवा. बर्फाच्या पाण्याचा टब सगळ्यात खात्रीचा, फक्त १० अंशांपर्यंत गार करून तसंच पेटवू नका. ४० बारवर इंजेक्टरला फरक कमी उरतो आणि थ्रस्ट पडतो. आधी गार करून भरा, मग साध्या पाण्याने २० वर आणा. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी असते, त्यामुळे भिजवलेला जाड टॉवेल सावलीतल्या टाकीला गुंडाळला तरी तापमान पंचविशीपर्यंत उतरतं. टॉवेल आपल्याच गावचा, पण कोरा आणि तेलाचा डाग नसलेला हवा, आणि नायट्रस भरण्याआधी तो काढून घ्यायचा.

पाण्याच्या चाचणीबद्दल एक. त्यातून तुम्हाला भोकांचा प्रवाह गुणांक (आदर्श प्रवाहाच्या किती पट प्रत्यक्षात जातो) मिळाला, ०.६५. तो उत्तम आहे. पण तोच आकडा नायट्रसला लावून सेकंदाला पाव किलोचा अंदाज बांधला असेल तर तो खोटा ठरणार. नायट्रस टाकीत उकळबिंदूवरच बसलेला असतो. भोकात दाब उतरला की तिथेच त्याची वाफ व्हायला लागते आणि प्रवाह गुदमरतो. मग चेंबरचा दाब आणखी उतरला तरी प्रवाह वाढत नाही. खरा आकडा टाकीच्या वजनाच्या उतारावरूनच काढा.

हे टाळायचं असेल तर टाकीला वरून नायट्रोजनचा दाब द्या: टाकी २० अंशांवर, रेग्युलेटर ६० बारवर, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. द्रव उकळबिंदूपासून दूर राहतो आणि प्रवाह शेवटपर्यंत जवळपास सपाट मिळतो. तेव्हा मात्र ६ ऐवजी ५ भोकांनी सुरुवात करा, नाहीतर चेंबर दाब हिशोबाच्या वर जाईल. वरच्या जागेतली वाफ नायट्रोजनने पातळ झाल्यामुळे तिच्या विघटनाचा धोकाही कमी होतो. माझ्या मते हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं.

---

नळी_नोझल

दाबमापक यांच्याशी सहमत. मी फक्त मोजमापाचं सांगतो, कारण ८५ हर्ट्झची लहर इंजिनाची नाहीच असं वाटतंय.

एका टोकाला बंद असलेली नळी स्वतःच वाजते. वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची चौपट. नळीतला वायू बाहेरच्या हवेइतकाच गार असतो, म्हणून ३४० भागिले ४, बरोबर ८५. सेन्सर चेंबरपासून १० सेंमीवर आणा, लहर ८५० ला गेली तर ती नळीचीच होती. जवळ आणल्यावर सेन्सर तापेल, त्यासाठी त्या तुकड्यात सिलिकॉन ग्रीस भरतात. पण हे फक्त चेंबरच्या बाजूला. नायट्रसच्या बाजूच्या सेन्सरला कुठलंही ग्रीस नको, तिथे गरजही नाही.

थ्रस्टवरचे दाते: सेकंदाला ८० नमुने म्हणजे ४० हर्ट्झच्या वरचं काहीही खरं दिसत नाही. तुमची हलती चौकट, इंजिन आणि फिटिंग धरून २५ किलो असेल आणि एकूण ताठरपणा मीटरला १० लाख न्यूटन असेल, तर चौकटीची स्वतःची वारंवारता ३२ हर्ट्झ येते. ती ८० नमुन्यांत दातेरी दिसणारच. इंजिन न पेटवता रबरी हातोडीने एक टोला द्या आणि नोंद घ्या. तीच वारंवारता दिसली तर दाते चौकटीचे. एचएक्स७११ तराजूसाठी चांगला आहे, यासाठी नाही. साधा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर घ्या आणि दाब व थ्रस्ट दोन्ही एकाच घड्याळावर, किमान सेकंदाला १००० नमुन्यांनी नोंदवा. दोन वेगळ्या यंत्रांच्या नोंदी नंतर हाताने जुळवत बसलात तर आधी दाब हलला की आधी थ्रस्ट, हे कधीच कळणार नाही.

लोड सेलचं कॅलिब्रेशन बसल्या जागी करा. कप्पीवरून १०, २०, ३०, ४०, ५० किलो चढवत जा आणि त्याच क्रमाने उतरवा. चढताना आणि उतरताना आकडा वेगळा आला तर सरकत्या रुळांत घर्षण आहे. मग हाच प्रयोग नायट्रसच्या लवचिक नळीत ६० बार नायट्रोजन भरून पुन्हा करा. दाब आला की नळी ताठ होते आणि चौकटीला ढकलते किंवा ओढते. ही चूक वीस-तीस न्यूटनांची सहज असू शकते. नळी थ्रस्टच्या दिशेला काटकोनात बसवली की ती बरीच कमी होते.

तुमच्या नावावरून आठवलं: चौकटीचा पाया काळ्या मातीवर आहे का? ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. नुसते खुंट ठोकून बसवलेली चौकट जानेवारीत सरळ आणि एप्रिलमध्ये तिरकी, असं होणारच. मुरूम लागेपर्यंत खोदा, सिमेंट काँक्रीटचा ठोकळा घाला आणि प्रत्येक चाचणीआधी पाणसळ लावा.

खरी चिंता मला जानेवारीच्या आकड्यांची वाटते. तुम्ही तिला चांगली चाचणी धरलीत, पण हिशोब करून पाहा. सरासरी दाब गुणिले थ्रोटचं क्षेत्रफळ गुणिले वेळ, भागिले जळलेलं एकूण वस्तुमान. २२ बार, १.४३ चौसेंमी, ६.५ सेकंद, आणि १.४५ अधिक ०.२२ किलो. उत्तर येतं सेकंदाला १२२० मीटरच्या आसपास; ज्वलन किती चांगलं झालं ते हा आकडा सांगतो. या जोडीचा सैद्धांतिक आकडा सुमारे १६००. म्हणजे ७६ टक्के. ९० च्या जवळ जायला हवं. मिश्रणाचं प्रमाण (नायट्रस भागिले इंधन) ६.६ आहे, ते ठीक, तेव्हा दोष मिसळण्यात आहे. इंधनाची नळी संपल्यावर नोझलपर्यंत किती मोकळी जागा ठेवली आहे?

---

काळीमाती_सोलापूर

दादा, १५ मिमी. चेंबरचा आतला व्यास ६० आहे. आणि पाया मातीतच आहे, खुंटांवर.

---

नळी_नोझल

१५ फार कमी. इंधनाची न जळलेली वाफ आणि ऑक्सिडायझर एकमेकांत मिसळायच्या आत नोझलमधून निघून जातात. चेंबरच्या व्यासाएवढी, म्हणजे ५० ते ६० मिमी जागा द्या आणि तिला फिनोलिकचं (उष्णता सोसणाऱ्या रेझिनचं) अस्तर लावा. इंधनाची लांबी तीच ठेवा, चेंबरच वाढवा. पुढच्या बाजूला इंजेक्टरनंतरही ३० मिमी मोकळे हवेत.

आणि थ्रोट प्रत्येक ज्वलनानंतर प्लग गेजने मोजा. १३.५ चा १४.२ झाला तरी क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं आणि दाब तितकाच पडतो. मग तुम्ही तो दोष इंजेक्टरवर ढकलाल.

---

हिप्परगा_तळं

वरचं सगळं करण्याआधी हे वाचा. मी मुद्दाम कडक शब्दांत लिहितोय.

२६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियात मोहावी इथे नायट्रसची थंड प्रवाहाची चाचणी चालू होती. इंजिन नव्हतं, ज्वाला नव्हती, नुसता नायट्रस इंजेक्टरमधून सोडायचा होता. स्फोट झाला आणि ३ जण गेले. ‘पेटवणार नाही, फक्त प्रवाह बघतोय’ म्हणून कोणी टाकीजवळ उभं राहत असेल तर ते आजपासून बंद करा. नायट्रस स्वतःच विघटित होऊन उष्णता सोडतो. त्याला निमित्त लागतं ते तेलाचा थेंब, धातूचा कीस, वाफेवर अचानक पडलेला दाब, किंवा इंजिनातून उलटी आलेली ज्वाला.

म्हणून प्रत्येक फिटिंग ऑक्सिजनसाठी करतात तशी स्वच्छ करा. आधी डिटर्जंट आणि गरम पाणी, मग शुद्ध आयसोप्रोपिल, मग कोरड्या नायट्रोजनने फुंकून वाळवणं, शेवटी झिप पिशवीत बंद. लेथवरून आलेल्या प्रत्येक भागावर कटिंग ऑइल असतं, चिंचोळी एमआयडीसीतून आणा नाहीतर कुठूनही. पेट्रोलियम ग्रीस कुठेच नको. सील पीटीएफईचे. बॉल व्हॉल्व्ह वापरत असाल तर बंद स्थितीत चेंडूच्या पोकळीत द्रव नायट्रस कोंडतो आणि तापला की व्हॉल्व्ह फोडतो. टाकीच्या बाजूला चेंडूला बारीक भोक असलेलाच घ्या. बंद टोकाच्या नळीत नायट्रस झटक्यात सोडू नका, आधी लहान व्हॉल्व्हने दाब भरा आणि मग मुख्य उघडा.

टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्हसोबत फुटणारी चकती हवीच. शिवाय वीज गेली की आपोआप उघडेल असा व्हेंट. वीज गेल्यावर बंद होणारा व्हेंट बसवला तर भरलेल्या टाकीपाशी माणसाला जावं लागेल. हायड्रो टेस्ट (दाब सोसण्याची चाचणी) पाण्यानेच करा, हवेने कधीच नाही: टाकी कामाच्या दाबाच्या दीडपट, आणि चेंबर ७५ बारपर्यंत, कारण उशिरा पेटलं तर दाब क्षणभर कुठेही जातो. हाताचा हायड्रो पंप आणि तो चालवणारी जाणती माणसं जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरवर काम करणाऱ्यांकडे मिळतील.

उशिरा पेटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, प्रज्वलक पेटल्याची खात्री न करता मुख्य व्हॉल्व्ह उघडणं. नोझलच्या आत एक बारीक तार ताणा. ती जळून सर्किट तुटलं तरच व्हॉल्व्ह उघडेल असं जोडा. ठरलेल्या वेळात तुटली नाही तर क्रम आपोआप रद्द.

माणसं किमान ५० मीटर लांब, मातीच्या बांधाआड, आणि बघायचं ते कॅमेऱ्यातून. नायट्रस हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात साठतो, त्यामुळे चाचणीची जागा खोलगट नको. टाकीचा दाब शून्य दिसल्यावरही दहा मिनिटं थांबून एकानेच पुढे जायचं.

आणि कागद. संकुचित वायूंचे सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. ते काम पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) बघते, मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला. मान्यता नसलेल्या, स्वतः वेल्ड केलेल्या टाकीत वायू भरू नका. मान्यताप्राप्त सिलिंडरच रन टाकी (इंजिनाला नायट्रस पुरवणारी टाकी) म्हणून वापरा. जागा निवडताना नान्नजची बाजू सोडा, तिथे माळढोक अभयारण्य आहे.

---

आडवी_टाकी

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. तुम्ही हे इंजिन गाडीसाठी करताय, आणि चौकटीवर टाकी उभी आहे.

गाडीत टाकी आडवी असणार. ३ जी (गुरुत्वाच्या तिप्पट) प्रवेग मिळाला तर द्रवाचा पृष्ठभाग क्षितिजापासून ७१-७२ अंश तिरका होतो, म्हणजे सगळा द्रव मागच्या भिंतीला चिकटतो. निर्गम (द्रव बाहेर पडायचं तोंड) मागे आणि खालीच हवा. पुढे किंवा मध्यावर ठेवलात तर चौकटीवर सुंदर चाललेलं इंजिन गाडीत पहिल्या सेकंदात वाफ ओढेल. उलट, पॅराशूट उघडलं की द्रव पुढे धावतो आणि निर्गम उघडा पडतो. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्याची खूण आल्यावरच पॅराशूट सुटलं पाहिजे. चौकटीवर याची नक्कल करता येते: टाकीचा मागचा भाग खाली करून ७२ अंश कलती बसवा आणि त्या स्थितीत पूर्ण ज्वलन घ्या.

दुसरं, विक्रमाचा नियम. मोजून ठेवलेल्या एकाच अंतरावर दोन्ही दिशांना धाव घ्यायची आणि ती तासाभरात, मग सरासरी. थ्रस्ट एसएससी ही विक्रमी गाडी १३ ऑक्टोबर १९९७ ला दोन्ही बाजूंनी ध्वनीच्या वेगापलीकडे गेली होती, पण परतीची धाव तासाच्या मर्यादेबाहेर जेमतेम मिनिटभराने गेली आणि विक्रम धरला नाही. दोन दिवसांनी, १५ तारखेला, ताशी १२२७.९८५ किमी नोंदवले गेले. ती जेट गाडी होती, इंधन भरलं की पुन्हा तयार. हायब्रिडला नवी इंधन-नळी लागते, थ्रोट तपासावा लागतो, टाकी पुन्हा भरावी लागते आणि चेंबर गरम असतो. गरम चेंबरमध्ये नायट्रस गळला तर काय होईल ते वर हिप्परगा यांनी लिहिलंच आहे.

तेव्हा तुमची खरी परीक्षा एका ज्वलनाची नाही, एका तासातल्या दोन ज्वलनांची आहे. इंधन, अस्तर आणि नोझल मिळून एकच काडतूस करा. मागची रिंग सोडली की अख्खं बाहेर, नवं आत. दहा मिनिटं नायट्रोजनने धुवा, चेंबरची भिंत ५० अंशांखाली आल्याशिवाय जोडणी नाही. घड्याळ लावून हे आधी कोरडं, नायट्रसशिवाय करून बघा.

जिज्ञासा म्हणून: २३ ऑक्टोबर १९७० ला अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ब्लू फ्लेम या रॉकेट गाडीने ताशी हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला, तेव्हा तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि द्रवरूप नैसर्गिक वायू होता. ब्लडहाऊंड या वेगविक्रमाच्या गाडीचं हायब्रिड इंजिन ऑक्टोबर २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूक्वेला १० सेकंद चाललं, सुमारे ६२ किलोन्यूटन. तिथे पेरॉक्साइड ढकलायला फॉर्म्युला वन गाडीच्या इंजिनाने चालणारा पंप होता. एवढा प्रवाह टाकीच्या दाबावर काढायचा म्हणजे टाकी इतकी जाड होते की गाडीला पेलत नाही. तुमच्या ५०० न्यूटनला पंपाची गरज नाही, पण प्रारूपावरून मोठ्या इंजिनाचे आकडे काढताना हे लक्षात ठेवा. आपल्या इस्रोनेही २० सप्टेंबर २०२२ ला महेंद्रगिरीला ३० किलोन्यूटनचं हायब्रिड १५ सेकंद चालवलं, त्यात ऑक्सिडायझर द्रवरूप ऑक्सिजन होता.

---

काळीमाती_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा क्रम असा ठरवलाय: आधी स्वच्छता आणि व्हॉल्व्ह बदलणं, मान्यताप्राप्त सिलिंडर, काँक्रीटचा ठोकळा. मग सेन्सर जवळ आणून, ५ भोकं आणि ६० बार नायट्रोजनवर थंड प्रवाह. मग ६० मिमी मोकळी जागा ठेवून ज्वलन, १.६ किलो, २० अंश. त्यानंतर टाकी कलती करून तेच, आणि शेवटी तासात दोन. तापमानासाठी टाकीच्या मध्यावर बाहेरून थर्मोकपल चिकटवतोय. चालेल ना?

---

दाबमापक

मध्यावर नको. भरताना वरची वाफ आणि खालचा द्रव यांत पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो, आणि मधलं थर्मोकपल कधी वाफेचं तापमान सांगेल, कधी द्रवाचं. एक तळाशी निर्गमाजवळ, एक वर, दोन्हींवर फोमचा तुकडा, नाहीतर ऊनच मोजाल. दोन्हींतला फरक एका अंशाखाली येईपर्यंत थांबा आणि नायट्रोजन त्यानंतरच सोडा. उलटं केलं तर दाबावरून तापमान पडताळता येणार नाही, कारण नायट्रोजन आल्यावर ६० बार हा आकडा नायट्रसबद्दल काहीच सांगत नाही.

काँक्रीट ओतल्यावर २१ दिवस पाणी मारा. मे संपत आला की वळीव येतो, त्याच्या आत ठोकळा घाला.